किती वेळ उभे राहावे?

सोलापुरास एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घेण्यास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचा नातू परदेशी असतो, वय वर्षे सोळा. चित्रांची कार्डे जमविण्याचा त्याला नाद आहे. एके दिवशी नवी कार्डे विक्रीस येणार म्हणून हा मुलगा पहाटे तीनपासून दुकानाच्या दारी रांगेत उभा राहिला आणि दोन पुड्या घेऊन घरी आला. आजोबांनी फोनवरून त्याची कानउघाडणी केली, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही आषाढीला वीस-वीस तास बारीत उभे राहता. मी तर पाचच तास उभा होतो." आजोबा गप्प झाले. आमच्याकडे येऊन म्हणाले, "महाराज, पोराला काय सांगावं? मला तर काही सुचलं नाही."

उत्तर वरवर पाहता फार सोपे आहे. कार्ड नाशिवंत, देव अविनाशी. कागदासाठी उभे राहणे तो मोह, पांडुरंगासाठी उभे राहणे ती भक्ती. एवढे म्हटले की मंडपात गजर होतो आणि आम्हांलाही बरे वाटते. परंतु हे उत्तर त्या प्रश्नाला लागतच नाही. मुलाने देवाची आणि कार्डाची तुलना केली नव्हती. त्याने उभे राहण्याची उभे राहण्याशी तुलना केली होती. आपणच जर बारीतले तास मोजून दाखवीत असू, "आम्ही सव्वीस तास उभे होतो हो," असे गावी परतल्यावर चारचौघांत सांगत असू, तर त्याच मापाने मोजल्यावर तो मुलगा काही फार मागे पडत नाही. त्याच्या देशात याहून दुप्पट, तिप्पट वेळ दुकानापुढे तंबू ठोकून बसणारे आहेतच. तेव्हा हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही.

प्रथम हा कार्डांचा प्रकार काय आहे तो सांगितला पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो पाहिला नसेल. १९९६ साली जपानात पोकेमॉन नावाच्या काल्पनिक प्राण्यांची खेळावयाची कार्डे निघाली. मुळात तो मुलांचा खेळ. कार्डे बंद पुडीत मिळतात. आत कोणते चित्र निघेल हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. काही चित्रे मुद्दामच थोडी छापलेली असतात. म्हणजे दुर्मिळता ही येथे खाणीतून निघत नाही, छापखान्यात तयार होते. पुढे मोठी माणसे यात शिरली. कार्डाचे कोपरे झिजले आहेत काय, चित्र मधोमध आहे काय हे तपासून त्याला दहापैकी गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या. गुण मिळालेले कार्ड पारदर्शक पेटीत कायमचे बंद होते. मग त्याने कोणी खेळत नाही. कित्येक जण तर पुडी फोडतही नाहीत. शास्त्रात योगक्षेम म्हणतात. न मिळालेले मिळविणे हा योग आणि मिळालेले सांभाळणे हा क्षेम. एखाद्या मनुष्याचे सगळे आयुष्य या दोहोंतच कसे संपते याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात अॅमस्टरडॅमच्या वान गॉग संग्रहालयाने पोकेमॉनच्या सहकार्याने एक प्रदर्शन भरविले व एक खास कार्ड वाटावयास ठेवले. ज्या थोर चित्रकाराच्या नावाने ते संग्रहालय आहे त्याची चित्रे भिंतींवर राहिली आणि लोक धावले विक्रीच्या दालनाकडे. गर्दी आवरेना, तेव्हा पुढच्याच महिन्यात कार्ड देणे बंद करावे लागले. २०२५ च्या ऑगस्टात जपानमध्ये याहून वाईट घडले. मॅकडोनाल्ड्सच्या खाणावळींतून मुलांच्या जेवणाबरोबर ही कार्डे मिळू लागली. पुन्हा चढ्या भावाने विकावयाची म्हणून लोकांनी ढिगांनी जेवणे विकत घेतली, कार्डे काढून घेतली आणि अन्न तसेच टाकून दिले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. ज्या संप्रदायात पंगतीत ताटाखाली सांडलेले शीतही उचलून घेतात, त्या संप्रदायाच्या माणसाला ही बातमी वाचवत नाही. आणि आपण दूर आहोत असे समजू नये. १९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात नवा आयफोन घेण्यास रात्रीपासून उभ्या असलेल्या लोकांत धक्काबुक्की झाली. फोन काही दुर्मिळ वस्तू नव्हे. आठवडाभर थांबले तर तोच फोन मिळाला असता. पहिल्या दिवशी मिळाला पाहिजे, एवढीच ती भूक.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाठशाळेत आम्हांस न्यायाचा थोडा अभ्यास घडला. तिथे अनुमानाला हेतू लागतो आणि हेतू निर्दोष असावा लागतो. 'हा भक्त आहे, कारण हा फार वेळ उभा राहतो' असे कोणी अनुमान केले तर गुरुजी लगेच विचारीत, जिथे जिथे फार वेळ उभे राहणे तिथे तिथे भक्ती, असे सर्वत्र दिसते काय? कार्डवाल्यापाशी उभे राहणे दिसते, भक्ती दिसत नाही. म्हणजे हेतू व्यभिचारी झाला, अनुमान कोसळले. उलटही पाहा. घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी तिन्हीसांजेला पंढरीच्या दिशेने हात जोडते. उभे राहणे तिच्यापाशी नाही. म्हणून भक्ती नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तेव्हा तासांवरून भक्ती सिद्ध होत नाही, हे आपण आधी प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. नातवाचा तेवढा मुद्दा बिनचूक आहे.

उभे राहण्याचेही पुष्कळ प्रकार असतात. १९७२ च्या दुष्काळात आमच्या या जिल्ह्यात लोक रेशनच्या दुकानापुढे मिलोसाठी उभे राहत. ती तांबडी परदेशी ज्वारी. भाकरी नीट थापली जाईना, चव नाही, पण तीच मिळावी म्हणून बायका उन्हात पिशवी घेऊन ताटकळत. आम्ही लहान होतो, आम्हीही उभे राहिलो आहोत. त्या रांगेला मोह म्हणू नये आणि तपश्चर्याही म्हणू नये. पोटाने उभे केले, म्हणून माणसे उभी राहिली. ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्या ताटकळण्याचा गौरव करणे ही भरल्या पोटाची चैन आहे. तितिक्षा हा शब्द आचार्यांनी फार सांभाळून वापरला आहे. दुःख सोसावे, प्रतिकार न करता सोसावे आणि त्याची चिंता किंवा विलाप न करता सोसावे, ती तितिक्षा. म्हणजे ती ज्याची त्याने स्वतःसाठी स्वीकारावयाची गोष्ट. दुसऱ्याला उन्हात उभे करून 'सोसा, पुण्य लागेल' असे सांगणे हे तितिक्षेच्या लक्षणात कुठेच बसत नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण बारीत पाणी नाही, सावली नाही, म्हाताऱ्यांना बसावयास जागा नाही अशी कोणी तक्रार केली की काही मंडळी चटकन भक्तीचा दाखला पुढे करतात. पत्राशेड असो, गोपाळपूरकडे लांबत गेलेली बारी असो, तिथे पाणी वाटणारा मनुष्य वाट पाहण्याला लहान करीत नाही.

मग भेद कुठे आहे? आम्हांस वाटते, रांगेत आपल्या पुढे उभा असलेला मनुष्य आपल्याला कोण वाटतो, तिथे पाहावे. कार्डाच्या दुकानात शंभर पुड्या आहेत आणि मी एकशे एकावा आहे. माझ्या पुढचा प्रत्येक जण माझ्या वाट्याचे काही तरी उचलून नेणार. तो दोन घेईल तर माझी एक गेली. तो आजारी पडून रांग सोडून गेला तर मला मनातून बरे वाटेल. इतके वेळ शेजारी उभे राहूनही तो वैरीच. (सगळेच असे असतात असे नव्हे. त्या रांगांतही एकमेकांना चहा देणारे, जागा राखणारे, कार्डांची अदलाबदल करणारे सरळ मनाचे लोक असतील. आम्हीही लहानपणी काडेपेटीचे छाप जमविले आहेत आणि मित्राला वाघछाप देताना फार थोर वाटत असे.) याउलट दर्शनाचे. माझ्या पुढच्याने विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले म्हणून माझ्या वाट्याचा विठ्ठल थोडा कमी झाला, असे होत नाही. दिवा लावून घेतल्याने पहिल्या दिव्याचा उजेड उणा होत नाही, तसे हे आहे.

इथपर्यंत आमचे म्हणणे श्रोत्यांना आवडते. परंतु इथेच थांबले तर ती आपली आपण केलेली फसवणूक होईल. देव कमी होत नाही हे खरे, पण गाभाऱ्यातली वेळ कमी पडते हेही खरे. हिशेब करून पाहा. समजा मिनिटाला चाळीस माणसे पायांवर डोके ठेवून पुढे सरकली. म्हणजे डोके टेकते न टेकते तोच उचलले. तासाला दोन हजार चारशे झाली. देवाने अहोरात्र दर्शन दिले तरी दिवसाकाठी सत्तावन्न हजार सहाशे. आषाढीला दहा लाख माणसे आली असे धरले तर सर्वांचा पदस्पर्श होण्यास सतरा दिवसांहून अधिक लागतील. एकादशी तर एका दिवसाची. म्हणजे जे पंढरीत येतात त्यांपैकी बहुसंख्यांना त्या वारीत पाय मिळणारच नाहीत, हे गणिताने ठरलेले आहे.

अशा ठिकाणी बाजार शिरावयास वेळ लागत नाही. झटपट दर्शन घडवून देतो म्हणून भाविकांकडून पैसे उकळल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येतात. ओळखीचा पास, कोणाची चिठ्ठी, मागच्या दाराने दोन मिनिटांत दर्शन. अलीकडे आषाढीच्या दिवसांत बड्यांचे दर्शन बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि बारी भराभर सरकते, ही चांगलीच गोष्ट. पण असा आदेश काढावा लागतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी. जो मनुष्य मधल्या मध्ये घुसतो, त्याला पुढचा मनुष्य वैरीच वाटत असला पाहिजे. त्याच्या लेखी दर्शन म्हणजे एक संपत चाललेली पुडी. तो पायांवर डोके ठेवून आला तरी कार्डवाल्यांच्याच रांगेतून आला. ८ जानेवारी २०२५ च्या रात्री तिरुपतीस वैकुंठद्वार दर्शनाची टोकने घेण्यास जमलेल्या लोकांत चेंगराचेंगरी होऊन सहा माणसे दगावली. दर्शनासाठी नव्हे हो, दर्शनाच्या टोकनासाठी. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण देवाच्या दारीही पुढे जाण्याची घाई माणसाला कुठवर नेते हे कळावे म्हणून लिहिले.

आमच्या संप्रदायाने यावर जो मार्ग काढला आहे तो फार जुना आहे आणि इतका साधा आहे की आपल्या लक्षातही येत नाही. चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला नमस्कार आणि कळसाचे दर्शन, एवढ्यावर लाखो वारकरी समाधानाने माघारी फिरतात. आळंदीहून, देहूहून पंधरा-अठरा दिवस चालत आलेला मनुष्य महाद्वाराशी उभा राहतो, कळसाकडे पाहून हात जोडतो आणि एस.टी. गाठतो. त्याला विचारा, दर्शन झाले का? तो म्हणतो, झाले. खोटे बोलत नाही तो. इकडे दुकानातली पुडी संपली की रांगेतला मनुष्य रिकाम्या हाताने जातो आणि त्याचे उभे राहणे फुकट गेले असे तो स्वतःच म्हणतो. कळस पाहून परतणाऱ्या वारकऱ्याच्या तोंडी वारी फुकट गेली असे शब्द आम्ही आजवर ऐकले नाहीत. आमच्या मते त्या नातवाला सांगण्यासारखे आहे ते हे. किती वेळ उभा राहिलास हे त्याला विचारू नये. मिळाले नसते तर काय वाटले असते, एवढे विचारावे. आणि हाच प्रश्न आजोबांनी आपल्यालाही विचारून पाहावा. पदस्पर्श न होता परत आलो तर तोंड पडते का? दोन-तीन दिवस जेवण गोड लागत नाही का? तसे असेल तर बारी आणि दुकान यांत आपण फार अंतर राखलेले नाही.

याची परीक्षा आपल्या सर्वांची झालेली आहे. १७ मार्च २०२० रोजी महामारीमुळे मंदिर भाविकांना बंद झाले. त्या वर्षी आषाढी १ जुलैला आली. संतांच्या पादुका एस.टी.तून पंढरीस नेल्या. बारीच नव्हती. एरवी महापूजेच्या वेळी मुख्यमंत्र्यांबरोबर पूजेचा मान बारीत पुढे सापडलेल्या जोडप्याला मिळतो. त्या वर्षी तो मंदिरात वीणा घेऊन पहारा करणाऱ्या वारकऱ्याला देण्यात आला. पुढे मुखदर्शन सुरू झाले, तरी पायांवर डोके ठेवणे २०२२ च्या गुढीपाडव्यापर्यंत बंद होते. नंतर जतनाच्या कामासाठी २०२४ च्या मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पुन्हा पदस्पर्श थांबला. या काळात काही जण फार कासावीस झाले, ते स्वाभाविकच. काहींनी घरच्या घरी रोज हरिपाठ म्हणून अंगणातल्या तुळशीला प्रदक्षिणा घातल्या आणि वारी चुकली नाही असे मानले. कोणाची तळमळ मोठी हे ठरविणे आमचे काम नाही. पण दुसऱ्या प्रकारचे लोक आम्हांस निश्चिंत दिसले.

आणि बारीतल्या तासांचा अभिमान वाटू लागेल तेव्हा ज्यांना बारीच नव्हती त्यांची आठवण करावी. चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांचे उभे राहणे वीस तासांचे नव्हते, जन्माचे होते, आणि त्या रांगेला पुढे सरकणे ठाऊकच नव्हते. मंगळवेढ्यास भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी नामदेव पायरीजवळ आहे. आज आपण आत जाताना त्यांच्यावरून जातो. त्यांच्यानंतर शतकानुशतके त्यांच्या लोकांना दार उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते उघडले. आता पाहा, एकीकडे धीराने वाट पाहणारे चोखोबा आणि दुसरीकडे 'आता आणखी वाट पाहावयाची नाही' म्हणून प्राण पणाला लावणारे गुरुजी. दोघांत विरोध आहे काय? आम्हांस दिसत नाही. चोखोबा स्वतःचे दुःख सोसत होते. गुरुजींना दुसऱ्याचे दुःख सोसवेना. स्वतःला मिळावे म्हणून गुरुजी बसले नव्हते, त्यांना तर आत जावयास कोणाची आडकाठी नव्हती. ज्याला दार उघडे आहे त्याने, ज्याला बंद आहे त्याच्यासाठी अडून बसावे, असे वाट पाहण्याचे एक तिसरेच रूप त्या दहा दिवसांत पंढरीने पाहिले. दुकानापुढच्या रांगेत हे रूप कसे उत्पन्न होणार?

सज्जन हो, आपल्या क्षेत्राची कथाच मुळी वाट पाहण्याची आहे, आणि गंमत अशी की तीत वाट पाहणारा देव आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला. पुंडलिकाने वीट सरकविली आणि थांबावयास सांगितले. तो अजून थांबलेला आहे. परंपरा अठ्ठावीस युगे मोजते. आम्ही इतर क्षेत्रे पाहिली आहेत. कुठे देव निजलेला आहे, कुठे सिंहासनावर बसलेला आहे, कुठे लढाईच्या आवेशात आहे. भक्ताने 'थांब' म्हटले म्हणून कंबरेवर हात ठेवून थांबलेला हा एकच. तेव्हा बारीतल्या माणसाने आपले वीस तास त्या विटेपुढे मांडावेत, मग बोलावे.

देवाची ही वाट पाहणी केवळ कथेत ठेवलेली नाही, ती मंदिराच्या रिवाजात उतरली आहे. आषाढीची गर्दी सुरू झाली की देवाच्या शेजघरातला पलंग काढून ठेवतात. मग शेजारती नाही, निद्रा नाही. नित्यपूजेचा थोडा वेळ सोडला तर देव रात्रंदिवस उभा. थकवा येईल म्हणून पाठीशी कापसाचा मऊ लोड देतात, रखुमाईला तक्क्या देतात. बाहेर वारकरी पाय बदलत उभा आहे, आत देव लोडाला टेकून उभा आहे. बारी जितकी लांब तितके देवाचे जागरण लांब. आम्ही पहिल्यांदा हे नीट समजून घेतले तेव्हा आमचा एक प्रश्न कायमचा मिटला. 'देवाने मला इतका वेळ का उभे केले' असे विचारण्याची सोयच राहिली नाही.

यात्रा पांगली की समिती दिवस ठरवून प्रक्षाळपूजा करते. लोड काढतात. उभे राहून राहून शिणलेल्या देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, नवा पोशाख करतात. रात्री शेजारतीला श्रमपरिहारासाठी काढा दाखवितात. त्या दिवशी पलंग पुन्हा शेजघरात येतो आणि देव निजतो.